लष्करी ट्रकवरचा अण्णा

अण्णा, तुझा तो साताऱ्याकडचा मित्र गेल्या महिन्यात वारला. परवा त्याच्या मुलाचा फोन आला होता. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय, आणि आपल्या घरातलं आता कुणीच उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझं हे मराठी तुला जरा परकं वाटेल. लग्नानंतर मद्रासजवळच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समध्ये नाशिककडच्या माणसाबरोबर संसार केला. सासूबाईंनी हसत हसत माझं एकेक वाक्य सरळ केलं, आणि आपलं तंजावरी बोलणं माझ्या तोंडातून कधी गेलं ते मला कळलंच नाही. हे गेल्यावर मुलाकडे राहायला आले, मद्रासच्या दुसऱ्या टोकाला सिरुसेरीला, त्याच्या ऑफिसजवळ. इथे लिफ्टमध्ये सगळे तमिळ नाही तर इंग्लिश बोलतात. माझी नातवंडंसुद्धा.

अप्पांच्या गोष्टी आठवतात तुला? जन्मभर रेल्वेच्या माल-ऑफिसात कारकुनी केली, पण रविवारी जेवण झालं की पान लावता लावता त्यांचे घोडे निघायचे. आपले पूर्वज घोड्यावरून तंजावरला कसे आले, वाटेत कोणती नदी आडवी आली, कोण पोहून पार झाला. दर रविवारी नदी थोडी रुंद व्हायची. तू परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालास आणि लॉरी शेडमध्ये जायला लागलास, तेव्हा त्यांनी तुझ्याशी बोलणं कमी केलं. ओळखीचा कुणी भेटला की ते मुलगा "मोटार कंपनीत" आहे म्हणून सांगत. तुला त्याचं वाईट वाटायचं की नाही, कोण जाणे. तू काळे हात धुऊन पानावर बसायचास आणि अक्काला, आपल्या आईला, म्हणायचास, "आणखी वाढ."

सैन्यात भरती झाल्याचंही तू असंच जेवताना सांगितलंस. अप्पांचा हात रसमात तसाच राहिला.

"तलवारी गोष्टींत बऱ्या," ते म्हणाले. "घरात नकोत."

"तलवार कुठली, अप्पा? लॉरी आहे. तांदूळ, बटाटे न्यायचे. इथेही तेंच करतों."

"आणि लढाई झाली तर?"

"लढणाऱ्यांस पण जेवावं लागतं की."

अक्कानं तुझ्या पानावर आणखी भात वाढला. मी नंतर तुला गाठून विचारलं, खरंच का जातोस म्हणून. तू म्हणालास, तिथे बूट देतात आणि मोठ्यात मोठी गाडी चालवायला मिळते. देशाबिशाचं तू एक अक्षर बोलला नाहीस. पुढे लोक तुझ्याविषयी सभेत बोलायचे तसं बोलायला लागले, तेव्हा मला ते बूट आठवायचे.

तुझी शेवटची रजा. आपण दोघं लोकल गाडीनं आवडीला चाललो आहोत. तिथे तुझ्या ओळखीचा कुणी गाड्यांच्या आवारात आहे. त्याला सांगून तू मला एका हिरव्या ट्रकवर चढवतोस. सीट तापलेली आहे, माझे पाय खाली पोचत नाहीत, स्टिअरिंग मला मिठीत मावत नाही. तू खाली उभा राहून सांगतोस की तिकडे डोंगरात सकाळी हे धरलं की गारठ्यानं हात चिकटतात. मग तू त्या मित्राचं सांगतोस. तोही ड्रायव्हर, साताऱ्याकडचा. पहिल्या दिवशी तुझं मराठी ऐकून तो इतका हसला की हातातला चहा सांडला. म्हणाला, "अरे, तू बोलतोस का कीर्तन करतोस?" दुसऱ्या दिवसापासून त्यानं तुझी खाट आपल्या शेजारी घेतली. "घरचं बोलणारा एक मिळाला," असं तू म्हणालास, आणि मला राग आला, कारण घर तर आम्ही होतो.

मग लढाई लागली आणि थोड्याच दिवसांत तार आली. अप्पा मानायला तयार नव्हते. छत्री घेऊन ते सैन्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाला म्हणाले, राव आडनावाचे काय शेकड्यांनी असतील, नावात घोटाळा झाला असेल, नीट बघा. त्या माणसानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुन्हा बघितलं. अप्पा परत आले ते छत्री तिथेच विसरून. तुला अग्नी तिकडेच दिला होता. आपल्या घरी आली ती तुझी ट्रंक, कपड्यांची. अक्कानं ते कपडे धुतले, वाळवले आणि पुन्हा ट्रंकेत ठेवले. त्यानंतर कुठल्याही रविवारी अप्पांचा घोडा निघाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुझा तो मित्र आला. दारात धिप्पाड माणूस, हातात गुळाची ढेप, आणि भाषा अशी की मला निम्मीच कळली. अक्कानं त्याला केळीच्या पानावर वाढलं. रसम पानावरून पळायला लागलं, तसा तो दोन्ही हातांनी भाताचे बांध घालत बसला. अक्का कितीतरी महिन्यांनी हसली. ती हसली आणि तो रडायला लागला. जेवण तसंच राहिलं.

"लई गुणाचा होता, आई," तो अक्काला म्हणाला. तिला तो आल्यापासून आईच म्हणत होता.

"तूं जवळ होतास?" अक्कानं विचारलं.

"व्हतो की. माझ्या मांडीवर गेला. तरास न्हाई झाला. शेवटाला 'आई' म्हनला. दोनदा म्हनला."

अप्पांनी अक्काकडे बघितलं. मी पण बघितलं. आपल्या घरी तिला आई कुणी म्हणायचं, अण्णा? तिची धाकटी भावंडं अक्का म्हणायची, ते ऐकून तू अक्का म्हणालास, तुझं ऐकून मी. अक्कानं मान हलवली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेव. पान टाकूं नको."

तो गेल्यावर अप्पा म्हणाले, "खोटं बोलला."

"हो," अक्का म्हणाली. "खोटं बोलायला इतक्या लांबून आला. पोर किती जळत असेल आंत."

नंतर आल्यागेल्यांनी विचारलं की अक्का न चुकता सांगायची, "शेवटी आई म्हणाला." मी एकदा तिच्यावर चिडले. म्हटलं, तुला माहीत आहे ना तो असं म्हणाला नसेल? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हणालाही असेल. तिथं सगळे तेंच म्हणत असतील, त्यांचं ऐकून म्हणाला असेल." पुढे अप्पा गेले, मग काही वर्षांनी अक्का. शेवटच्या आजारात ती तमिळ विसरली, नर्सांशीही आपल्याच मराठीत बोलायची, आणि त्या माझ्याकडे बघायच्या. मी तमिळमध्ये सांगायचे, पाणी मागतेय. पण ती पाणी मागत नसायची. तुझी गाडी आली का, असं विचारायची.

तुझा मित्र मात्र दर दिवाळीला खुशाली घ्यायचा, आधी पत्रानं, मग फोनवर. "ताई, बरं हाय न्हवं?" इतकं विचारून गप्प व्हायचा. मला वाटायचं, त्याला ऐकू कमी येतं.

परवाच्या त्या फोनवर त्याचा मुलगा बोलला. मला आत्या म्हणतो. "आत्या, बाबांनी एक निरोप दिला होता," तो म्हणाला. "त्यांना स्वतःला सांगवलं नाही. काका गेले तेव्हा बाबा तिथं नव्हतेच. ते तळावर तापानं फणफणले होते. त्या दिवशी गाडी न्यायची पाळी बाबांची होती. काकांनी त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली."

मी म्हटलं, "हं."

"काका काहीतरी बोलले, ते बाबा आम्हाला नेहमी म्हणून दाखवायचे. त्यातला एक शब्द आम्हाला कुणाला कळत नाही. परवाइल्ले. परवाइल्ले, तूं निज. मी जाऊन येतों. आत्या, परवाइल्ले म्हणजे काय?"

अण्णा, इतक्या वर्षांनी तुझा आवाज आला, तोही साताऱ्याच्या एका मुलाच्या तोंडून, ज्याला त्याचा अर्थ माहीत नाही. हे कुणी रचून सांगू शकत नाही. शेडमध्ये जाताना, स्टेशनवर, आवडीहून परत येताना त्या ट्रकवाल्याचा निरोप घेताना तू असंच बोलायचास. आपल्याकडे नुसतं जातो म्हणत नाहीत, जाऊन येतों म्हणतात. मी त्याला सांगितलं, "तमिळ आहे ते. परवाइल्ले म्हणजे काही हरकत नाही." तो म्हणाला, "बाबांना हे आधी कळायला हवं होतं." मग त्याच्या बापासाठी मी फोनवरच रडले. तुझ्यासाठी रडू नंतर आलं. अक्काला हे मिळायला हवं होतं. उसनं "आई" घेऊन ती गेली, आणि तिच्या घरचे शब्द दुसऱ्याच्या घरात सांभाळलेले होते.

हे कुठे पाठवणार मी? मुलाला वाचता येणार नाही, त्याला मराठी बोलता येतं, अक्षर येत नाही. राहू दे. एकच सांगायचं राहिलंय. तो मुलगा पुढे बोलत होता. गाडी कुठल्या रस्त्याला लागली, पुलाजवळ काय झालं, बाबांना ते कुणी सांगितलं, सगळं त्याला ठाऊक होतं. मी त्याला मध्येच थांबवलं. दारात कुणीतरी आलंय, असं सांगून फोन ठेवला. दारात कुणी आलं नव्हतं.