आपण घरापासून दूर आहात

दिघी, कोळीवाडा
शुक्रवार

चि. सौ. शकू हिला,

रामूदादाचा भरभरून आशीर्वाद. तुळशीची दाढ सोडली तर आम्ही इकडे धडधाकट आहोत. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, तेल चोळत बसण्यापेक्षा धक्क्यावर दोन फेऱ्या मारा. (मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, मागच्या वेळी आठवडाभर फुगून बसले होते.) फोन करायचा सोडून दादाला हे कागद-पेन कुठून सुचलं, असं तुला वाटलं असेल. बाय, ही गोष्ट फोनवर सांगता येत नाही, कारण गोष्ट फोनचीच आहे आणि मेला ऐकतो. आत्ताही त्याला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबून, डबा तांदळाच्या पिंपात पुरून, मग ओट्यावर लिहायला बसलोय. आधी मुख्य ते सांगून टाकतो. ऐन हंगामात आपली बोट बांधून ठेवलेली आहे आणि तुळशी मला पाण्यात पाऊल टाकू देत नाही.

झालं असं की केतननं नेरुळहून नवा फोन आणला आणि हौसेनं त्यात बोटीचं कार्ड घातलं. बोटीचं म्हणजे आपल्या कान्हाचं. नंबर तुझ्या आधारवरचा, म्हणून कान्हा फोनबिनासकट दर्यात गेल्यावर तू दुसरं कार्ड काढून मला दिलंस आणि आजवर एकदाही रिचार्ज चुकू दिलं नाहीस. बर्फवाल्यापासून मासळी उचलणाऱ्या अल्पेशशेठपर्यंत सगळे त्या नंबरावरच बोट ओळखतात, आणि मी माझ्या बटणाच्या डबड्यात तो सहा पावसाळे सुखानं वापरत होतो. नवा फोन पेटला, जरा घुटमळला आणि पडद्यावर लिहून आलं, "कान्हा, पुन्हा भेटून आनंद झाला." तुळशीच्या हातातला तांब्या पडला. केतन म्हणे, बाबा, नंबर तोच ना, कंपनीकडे काकाचं जुनं खातं असेल. मी म्हटलं, आम्ही त्याचे दिवस घातले तेव्हा ही कंपनी कुठे गेली होती?

दुसऱ्या दिवशी पहाटे जाळी घेऊन निघालो, खलाशी पुढे, आणि माझ्या खिशातून खणखणीत बाईचा आवाज, "कुठे निघालात?" भर कोळीवाड्यात! अगं, दर्यावर निघालेल्याला आपल्यात सख्खी बायको 'कुठे' म्हणून विचारत नाही. विचारलं की पाऊल मागं. खलाशांनी जाळी तिथंच टाकली आणि सरळ चहाला गेले. मी ते विचारणं बंद केलं. सकाळी आपोआप चालू! खाली बारीक अक्षरांत, "आपल्या सोयीसाठी." पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू झालं. फोन माझा, अंगठा माझा आणि मर्जी कंपनीची. (केतनची आई तुळशी असतानासुद्धा घरात माझं इतकं कमी चालत नव्हतं. असताना म्हणजे आहेच ती, समोर बसून कोळंबीचे सोडे निवडतेय, जपून लिहायला हवं.)

शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर तुळशीच्या फोनवरून बोललो. गोड आवाजाची पोरगी होती. म्हणाली, काका, तुमचा फोन खाली ठेवा, मी आत येते. कुठून येते? मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, तरी पडदा सरकायला लागला. कप्पे उघडत होते, मिटत होते. कुणीतरी आपल्या घरात शिरून आपल्यादेखत कपाटं उचकटावीत आणि माणूस मात्र दिसू नये, तसं वाटत होतं. तुळशीचे फोटो आले, जाळ्यांचे आले, तुझ्या पोरीच्या हळदीचे आले. एका फोटोवर ती थांबली. "हे कान्हाकाका का? छान हसतात." 'हसतात' म्हणाली, 'हसायचे' म्हणाली नाही. आणि बाय, कान्हाचा एकही फोटो मी त्या फोनात घातलेला नव्हता.

त्या संध्याकाळी मी आपल्या घरात, आपल्या चटईवर पाय पसरून बसलो होतो. फोन म्हणाला, "आपण घरापासून दूर आहात." मी बोट लावलं तर नकाशा उघडला. सगळं निळं पाणी आणि मधोमध घराची खूण. जंजिऱ्याच्या पश्चिमेला. जागा तुला सांगायला नको. कान्हाची बोट शेवटची दिसली ती तिथेच, आणि तेव्हापासून आपल्या वाड्यातलं कुणी तिथं जाळं टाकत नाही. केतनकडे याचंही कारण तयार. काकाचा फोन शेवटी जिथे होता तेच कंपनीनं घर धरलं म्हणे. पोरगं शिकलेलं आहे, कारण खरंही असेल. तुळशी म्हणाली, "कारन ठेव तुझ्या खिशात. ते घर तितून हलत न्हाय तवर ह्यांनी बी हलायचं न्हाय." खुंटीवरची माझी टोपी काढून तिनं पेटीत घातली आणि किल्ली कमरेला लावली.

आणखी एक आहे. दर शुक्रवारी फोन वाजतो. कान्हानं कधी काळी स्वतःसाठी लिहून ठेवलेली आठवण, त्याच्याच शब्दांत. "शकूला सोडे. विसरलास तर मेलास." (तो शेवटचा गेला त्या वेळी सोडे उन्हात घातले होते, परत आलो की रेवसला तुझ्याकडे नेतो म्हणाला होता.) मी वादळात विडी पेटवणारा माणूस, तुला ठाऊक आहे. पण पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा फोन उलटा करून चटईखाली सारला.

काल कंपनीचा निरोप आला. खातेदारानं आपला चेहरा दाखवून ओळख पटवावी, अन्यथा जुनं सगळं पुसण्यात येईल. घर, फोटो, आठवण, सगळं. भाऊ आपला, आणि ठेवायचा की पुसायचा ते हे ठरवणार! रात्रभर तळमळलो, मग म्हटलं, पुसू देत. म्हणून हे पत्र. नंबर तुझ्या नावावर आहे, तू रिचार्ज बंद कर. नंबर गप झाला की हा गप होईल आणि मी दर्यावर जाईन. तुला जड जाणार, कळतंय. तू त्या नंबरावर फोन करायचीस तेव्हा मी मुद्दाम उशिरा उचलायचो, म्हणजे तुझ्या फोनवर कान्हाचं नाव तुला जरा जास्त वेळ दिसेल. कधी बोललो नाही, आज लिहितो.

घरी बसून गंजत चाललेला
तुझा रामूदादा

ता. क. वरचं खोडायला हवं, पण कागद वाया जाईल. रिचार्ज बंद करू नकोस, तुझ्या पाया पडतो. पत्र संपवून डबा उघडला आणि एकदा दाखवून तरी बघू म्हणून चेहरा धरला. "ओळख पटली नाही." मग वस्तरा घेतला आणि मिशी काढली. (चाळीस वर्षांची मिशी! तोंड सोललेल्या कोळंबीसारखं झालंय, भावोजींना सांगू नकोस.) मान डावीकडे कलती केली आणि कान्हा हसायचा तसा सगळे दात दाखवून हसलो. मागे तुळशी येऊन उभी राहिलेली मला कळलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "भावजी?" त्याच क्षणी फोन म्हणाला, "ओळख पटली, कान्हा." मग आम्ही दोघं ओट्यावर बसून पोटभर रडलो.

ता. क. दुसरा. शेजारची केसर सुकी मासळी विकायला तुमच्याकडेच निघाली आहे, तिच्याबरोबर पत्र आणि सोडे पाठवतोय. सोडे तुळशीनं निवडले, पण ते कान्हाचे समज. पिशवी बांधत असतानाच आठवण वाजली. फोननं विचारलं, "निघालात का?" मी कान्हाच्या वतीनं 'हो' दाबलं. बाय, केसर अजून माझ्या ओट्यावर चहा पितेय, पिशवी तिच्या पायाशी आहे, फोन माझ्या हातात आहे, आणि समुद्रातली ती घराची खूण गेली. तिथून एक ठिपका निघाला आहे. किनाऱ्या-किनाऱ्यानं वर चाललाय, आत्ता नांदगावसमोर आहे. केतनला विचारलं तर कारण सांगेल, म्हणून विचारलं नाही. तुळशीनं बराच वेळ बघितलं, मग पेटी उघडली आणि टोपी माझ्या हातात दिली. कुठे म्हणून विचारलं नाही. फोन म्हणतो, संध्याकाळी तुझ्या दारात पोचेल. केसर आत आली की लगेच दार लावून घेऊ नकोस, एक पान जास्त वाढ. आणि इतकी वर्षं कुठे होतास, असं मात्र त्याला विचारू नकोस.