अप्पा, ती तीन बोटं कशाची?

झरी
गुरुवार, २२ मे

प्रिय अप्पा,

सकाळी लाईट नव्हती. आईने अंगणात ज्वारी वाळत घातली. बसूकाका चहाला आले, पेपर वाचून गेले. दुपारी नागपूरच्या कॉलेजचा पुन्हा ई-मेल आला. आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. म्हणून लिहिते आहे. तुम्ही जाऊन महिनाही झाला नाही आणि मला तुम्हालाच विचारायचं आहे.

कॉलेजं तीच दोन, तुम्हाला सांगितलेली. पुण्याचं मोठं, नावाजलेलं. तिथून शिकलेल्याला नोकरी शोधत फिरावं लागत नाही. नागपूरचं लहान. तिथे पहिल्याच वर्षी स्वतःचा धंदा सुरू करायला लावतात, आणि बुडाला तर का बुडाला ते सगळ्या वर्गापुढे उभं राहून सांगायचं. मला पशुखाद्याचा कारखाना काढायचा आहे. मग यात गोंधळण्यासारखं काय आहे?

पण आहे, अप्पा! पुण्याचं नाव सांगितलं तर बँकेतला माणूस बसायला खुर्ची देईल. नागपूरचं सांगितलं तर देईल का? आधी धंदा शिकायचा, की धंद्याला लागणाऱ्या ओळखी मिळवायच्या? सकाळी एक पटतं, जेवण झालं की दुसरं.

बसूकाकांचं ठरलेलं आहे. "पुण्याला जा गं. त्या नागपूरच्या कॉलेजाचं नाव झरीत कुणी ऐकलंय का?"

आई ज्वारी पसरता पसरता म्हणाली, "झरीचं नाव तरी नागपुरात कुणी ऐकलंय?"

काका हसले. मला हसू आलं नाही.

तुम्ही बैलबाजारातले दलाल. जन्मभर दुसऱ्यांचे सौदे जुळवलेत, आणि तेही न बोलता. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तसा भाव. चारी बाजूंनी माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. मी लहान असताना हट्ट केला म्हणून मलाही शिकवलंत. ओट्यावर बसून तुमच्या रुमालाखाली आपण परसातल्या झाडाच्या जांबांचा सौदा करायचो. तुम्ही धराल तितक्या बोटांना मी लगेच कबूल! तेव्हा तुम्ही म्हणायचात, "गिरे, आदी आपला आकडा मनात पक्का कर, मग हात घाल. न्हाईतर समोरचा सांगंल तेच तुला खरं वाटंल."

मग गेल्या महिन्यात परभणीच्या दवाखान्यात तुमची वाचा गेली. डोळे उघडे होते, आम्ही काय बोलतो ते कळत होतं असं वाटायचं. मी चादरीखाली हात घातला आणि कानाशी म्हणाले, "अप्पा, पुणं असंल तर एक बोट धरा. नागपूर असंल तर दोन."

तुम्ही तीन धरलीत. घट्ट.

तीन कशाची, अप्पा?

मी बाहेर येऊन सांगितलं तर काका म्हणाले, "तीन म्हंजे तिसरंच. कुटंच जाऊ नको, आईजवळ राहा, असं म्हणायलाय माझा दादा." मला वाटलं, एक आणि दोन मिळून तीन, म्हणजे दोन्ही चांगली. मग वाटलं, बाजारात तीन बोटांचा आणखी काही अर्थ असेल, जो तुम्ही मला शिकवला नाहीत. आम्ही दोघं वऱ्हांड्यात उभं राहून हाच हिशेब करत होतो. शेवटी आई चिडली.

"माणूस हात धरायलाय आन तुमी बोटं मोजायलात! लाज हाय का जराशी?"

आम्ही मोजणं थांबवलं. तरी आपल्या लिंगायत रीतीने तुम्हाला समाधीत बसवताना सगळे तुमच्या डाव्या तळहातावरच्या इष्टलिंगाकडे पाहत होते आणि मी उजव्या हाताकडे पाहत होते. आता सांगतील, असं वाटत होतं. काय वेडेपणा!

एक बोट जास्त का धरलंत? एक सोडलं असतं तर माझं काम झालं असतं. की ते झालं नाही तेच बरं?

कारण आज दुपारी त्या ई-मेलपुढे बसले असताना मला जांबांचा सौदा आठवला. चादरीखाली हात घातला तेव्हा माझा आकडा मनात होता का? होता, अप्पा. नागपूर. दोन बोटं धरा, दोन बोटं धरा, असं मी मनात म्हणत होते. तुम्ही एकच धरलं असतं तर मला रडू आलं असतं. मग विचारलं कशाला? उद्या चुकलं तर अप्पांनी सांगितलं होतं, असं म्हणता यावं म्हणून?

ते मला अजून नीट कळलेलं नाही. आणि तीन बोटांचं आई म्हणते तेच खरं असेल, तुम्ही नुसता माझा हात धरला होतात. नसेलही.

इथवर लिहून थांबले आणि नागपूरला होकार पाठवला. काकांना अजून सांगितलेलं नाही. पाठवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

एवढं मात्र कबूल करते. धंदा चालला किंवा बुडाला, त्या वर्गापुढे उभी राहीन तेव्हा तुमचं नाव पुढे करणार नाही. आकडा माझा होता, असंच सांगेन.

आई शेजारी गेली आहे. लाल गाय मघापासून हंबरते आहे. तिची पेंड संध्याकाळी तुम्ही भिजवायचात. आता उठते आणि भिजवते.

तुमची
गिरिजा