जननीच्या जिभेची शस्त्रक्रिया आणि तोंडी संमती

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कावेरीतीर धर्मादाय रुग्णालय, कुंभकोणम.

विषय: मुलीच्या वाढलेल्या जिभेची शस्त्रक्रिया तोंडी संमतीअभावी रोखल्याबाबत.
संदर्भ: आपल्या संमती कक्षाचा 'संमती अस्पष्ट' हा शेरा.

महोदय,

विनंती करायची माझी सवय मोडत चालली आहे, तरी करतो. आपण मूळचे साताऱ्याचे असे ऐकले, म्हणून मराठीत लिहीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिल्याने आमच्या घरची मराठी जुन्या वळणाची आहे, राग मात्र ताजा आहे.

१. माझी मुलगी जननी स्वामीमलै गावी, धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या मूर्तिकारांकडे मेणाचे नमुने कोरते. तिची जीभ जन्मापासून वाढत गेली आणि आता तोंडात मावत नाही. पुढचे दात फाकले आहेत, जीभ सुकून चिरते, रक्त येते. आडवे झाले की श्वास अडतो, म्हणून ती भिंतीला टेकून झोपते. जिभेचा मधला भाग पाचरीसारखा कापून कडा शिवायच्या, असे आपल्याच डॉ. विजयराघव यांनी ठरवले. उशीर केल्यास जिवावर बेतेल, हेही त्यांनीच लिहून दिले.

२. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा संमती तिचीच हवी, हे मान्य. तिने स्वच्छ तमिळमध्ये लिहून सही केली. तर संमती कक्षातल्या बाई म्हणाल्या, आता नियम बदलला आहे, कॅमेऱ्यासमोर तोंडाने सांगावे लागेल. जिला धड बोलता येत नाही म्हणून आम्ही आपल्याकडे आलो, तिने आधी बोलून दाखवायचे! तिच्या वतीने मी सांगतो म्हटले, ते चालत नाही. तिने होकारार्थी मान हलवली, तीही चालत नाही. मग बाईंनी सुचवले की तिला काही महिने उच्चार शिकायला पाठवा आणि नंतर या. महोदय, या अकलेला काय म्हणावे?

३. तरी जननी कॅमेऱ्यासमोर बसली. लाळ पुसत, खुर्ची घट्ट धरून तिने 'मला मान्य आहे' म्हटले. मला कळले. तिच्या आईला, शिवकामीला, दाराबाहेर कळले. बाईंनी तेच पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले, बाहेर बाकावर बसलेले लोक हसले, आणि वरील शेरा पडला. तेव्हापासून ती आमच्याशीही बोलत नाही. घरातसुद्धा तोंडावर दुपट्टा धरून बसते. मला याची भयंकर चीड आली आहे.

४. सोमवारी सकाळी मी तिला घेऊन आपल्या दालनाशी येत आहे. कॅमेऱ्यासमोर ती पुन्हा बसणार नाही. तिला दाखल करून घ्यावे. नाकारायचेच असेल तर आपण स्वतः बाहेर यावे, तिला दुपट्टा काढायला सांगावे आणि तिच्या तोंडाकडे पाहून नाकारावे.

सोमवारपर्यंत आपला नम्र,
सेतुराम राव
मु. सुंदरपेरुमाळ कोयिल
दि. १२ जून २०२५

सोबत: डॉ. विजयराघव यांचे पत्र; जननीच्या हातचे संमतीपत्र.