वेगळं ताट

दुर्गाघाट, वाराणसी
११ सप्टेंबर १९९६

चि. सौ. नीरजास, दादाचे अनेक आशीर्वाद.

मस्कतचं बारगळलं. तिथल्या भारतीय शाळेने गणिताचा मास्तर म्हणून मला पसंत केलं होतं, पण दिल्लीच्या तपासणीत रक्तात हेपेटायटिस बी निघाला आणि 'अनफिट' असा शिक्का बसला. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे, तरी व्हिसा नाही म्हणजे नाही. नवे शिवलेले सफारी सूट आता या गल्लीत कोणाला दाखवू? फार थकलो आहे ग.

मुहल्ल्यात 'कावीळ' एवढंच कळलं आहे. आईने रामनगरहून कावीळ उतरवणारी औषधी मुळ्यांची माळ आणून माझ्या गळ्यात घातली आणि माझं ताट, वाटी, लोटी वेगळी काढली. ती निराळी घासून गच्चीवर उन्हात ठेवते. काल माकडाने माझी वाटी पळवली. अख्ख्या घरात त्या एकालाच माझा विटाळ नाही. तुझी गीतावहिनी चिडते, मग सासूसुनेचा अबोला. मी आपला त्या वेगळ्या ताटात जेवतो.

तुझ्या ओजसला पापा. लोभ आहेच, पत्रातूनही दिसू दे.

तुझा दादा,
प्रल्हाद

नाशिक
२० सप्टेंबर १९९६

ती. दादास, नीरजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग संतापले. मस्कत गेलं तर गेलं, पण आपल्याच घरात वाळीत टाकल्यासारखं जेवायचं म्हणजे काय? इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा आजार ताटवाटीने किंवा एका पंगतीत जेवून पसरत नाही, रक्तातून पसरतो. वहिनीची तपासणी करून तिला लस द्या म्हणाले. मी आईला हे सगळं सविस्तर लिहिते आहे. तिचं सोवळं मला ठाऊक आहे, पण लेकीचं ऐकेल.

वर्गात म्हणे पोरं तुला चळचळा कापतात, आणि घरी तू मांजर! ती माळ आधी काढ. वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
नीरजा

दुर्गाघाट
६ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. नीरजास, अनेक आशीर्वाद.

आईला काही लिहू नकोस.

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का, ऑपरेशन झालं होतं का? काहीच नाही. गीताचं रक्तही साफ निघालं, तिची लस सुरू केली. मग ते म्हणाले, बहुधा जन्मतःच आईकडून आलं असेल, आईला आणि भावंडांना तपासा. साखर बघायची असं सांगून आईला नेलं. तिच्या रक्तातही तेच आहे. तब्येत ठीक आहे, अधूनमधून तपासत राहायचं. ते मी साखरेच्या नावाखाली करीन.

आता ताटाने पसरत नाही असं सांगितलं, तर ती विचारणारच, मग तुला आलं कुठून? माझं मस्कत तिच्यामुळे हुकलं असं तिच्या मनाने घेतलं, तर ती अन्नपाणी सोडेल. त्यापेक्षा वेगळं ताट बरं. वाढते तीच, आणि माझ्या भातावर तूप जरा जास्तच पडतं. गीतालाही समजावलं आहे.

तूही तपासून घे, ओजसला घेऊन जा. दादावर लोभ ठेव.

तुझा,
प्रल्हाद

नाशिक
२१ ऑक्टोबर १९९६

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

माझंही तुझ्यासारखंच निघालं. ओजस सुटला आणि हेही सुटले, दोघांना लस सुरू केली. मला सध्या औषध नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी. दोन दिवस फार भ्याले. आईवर रागवायचं म्हटलं तर रागच येईना. तिला लिहिलेलं पत्र टाकायचं राहिलं होतं, ते फाडलं.

दिवाळीला आम्ही येतो. मी तुझ्याच शेजारी बसणार आणि तुझ्या ताटातलं उचलून खाणार. लहानपणीही हेच करायचे, त्यामुळे आईला नवल वाटणार नाही. ती ओरडेल, आणि मग माझंही ताट वेगळं काढील.

काढू दे.

लोभ आहे तसाच असू दे, दादा.

तुझी,
नीरजा