धुलाईखोलीतला कागद

आणि मेर्ता वन्सं, तुमच्या भावाने तोंडाने सांगितलं असतं तर हे सगळं झालं असतं का? पण नाही! तुमच्या घरातले सगळे तसेच. मनातलं बोलायची वेळ आली की खिडकीबाहेर बर्फ बघत बसणार. असो. तुमचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे, म्हणजे नाहीच.

आमच्या इमारतीची तळघरातली धुलाईखोली तुम्ही पाहिलीय. आपली वेळ फळ्यावर लावायची, संपली की निघायचं. कोणाचं चुकलं तर तोंडावर बोलायचं नाही, भिंतीवर चिठ्ठी लावायची, तीही हाताने छापील अक्षरं काढून, नावाशिवाय. (मागे यंत्राच्या जाळीतल्या केसांवरून मला चिठ्ठी आली होती. केस कुत्र्याचे होते. आमच्याकडे कुत्रा नाही.) मंगळवारी माझ्या रजया वाळेनात म्हणून तासभर जास्त लागला, आणि बुधवारी बघते तर भिंतीवर छापील अक्षरांतला कागद:

किती घासलं तरी डाग तुझाच.
तुझी वेळ संपली, कळत कसं नाही?
सगळे वाट बघतात तू जाण्याची.

आता तुम्हीच सांगा, कोणाला राग येणार नाही? मी खाली लिहिलं, "मग थांबलायस कशाला? जा की! कोणी अडवणार नाही." छापीलच लिहिलं, पण माझी अक्षरं डावीकडे कलतात. तुमचा सिक्स्टेन ती ओळखतो.

रविवारी तो आमचे कपडे घेऊन खाली गेला. वर आला, चादरींच्या घड्या घातल्या (वाकड्याच), पिशवी भरली आणि म्हणाला, "मेर्ताकडे जाऊन येतो." मी म्हटलं, "जा, येताना कॉफी आण." एवढंच बोलले मी, वन्सं. तेवीस वर्षांच्या संसारानंतर एवढंच.

काल वरच्या मजल्यावरची सिग्ने (कुत्र्यावाली) म्हणाली, "अगं, तो कागद मला यंत्रामागे सापडला. ज्याचा असेल त्याला दिसावा म्हणून टाचला. गाणं आहे ना ते?" शब्दांच्या वर पेन्सिलीने 'ए७, डी७' असे सूर लिहिलेत, मी ते यंत्रांचे नंबर समजले होते! गाणं सिक्स्टेनचंच! नाचाच्या बँडमधून काढून टाकल्यापासून याचं अकॉर्डियन पलंगाखाली आहे. मला वाटलं, याचं गाणं संपलं. तो 'तू' म्हणजे तो स्वतःच आहे, हे मला कोण सांगणार?

फोन केला तर तुम्ही "आहे, झोपलाय" म्हणून ठेवून देता. दिवसभर कोण झोपतं?

तुमची भावजय,
गुन्वोर

ता.क. त्याच्या अकॉर्डियनवरची धूळ पुसली. पट्टा तुटला होता, तोही शिवला.

ता.क. परत. कागद काढताना मागची बाजू दिसली. तिथे लिहिलंय, 'उशीला तिच्या साबणाचा वास येतो, तेवढ्यापुरता मी कुणीतरी असतो.' माझं वाक्य खोडून कागद सोबत पाठवतेय. त्याच्या हातात द्या. तुम्ही वाचू नका. (वाचालच.) गुरुवारी नेहमीसारखं वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक करायचेत. वाटाणे बुधवारी भिजत घालावे लागतात. एकीचे घालू की दोघांचे, ते बुधवार दुपारच्या आत कळवा. त्यालाच कळवायला सांगा.