द्रोझिनसाठी पाच पाकिटं

५ फेब्रुवारी १९९०, सोमवार

आला! द्रोझिन परत आला. माझ्याच टाकीवर, माझ्याच हाताखाली!

सकाळी यादी टाइप होऊन आली. यानाबाहेर पडून काम करायची पाण्यातली परीक्षा, १३ मार्च. कमांडर ग्लेब द्रोझिन, जोडीला मात्वेय स्युझ्योव. परीक्षक: नोन्ना वेलिगुरा. म्हणजे अस्मादिक. तीनदा वाचलं. मग उठून खिडकी सताड उघडली. बाहेर उणे अठरा. टायपिस्ट बाई किंचाळल्या, "अहो लावा ती! मारताय का आम्हाला?"

मला तर घाम फुटला होता. आनंदाने.

६ फेब्रुवारी

एकदाच लिहून काढते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

ऑक्टोबर एक्याऐंशी. मी एकोणतीस वर्षांची. उड्डाणासाठी निवडलेल्या तीन बायकांपैकी एक. द्रोझिन आणि मी जोडीने टाकीत. बारा मीटर पाणी, तळाशी यानाचा सांगाडा. अंगावरचा सूट शिशाचे तुकडे लावून असा जुळवतात की तो बुडतही नाही नि तरंगतही नाही. म्हणजे वर अवकाशात कसं वाटेल ते इथे कळतं. कमरेला दोन आखूड दोर, दोन हूक. एक दांड्याला अडकवायचा, "अडकवला" असं मोठ्याने म्हणायचं, मगच दुसरा सोडायचा. दोन्ही एकदम कधीच नाही. वर दोन्ही सुटले तर माणूस गेला. कायमचा.

द्रोझिनने एक हूक पुढे न्यायला सोडला होता. आणि मला दिसलं, त्याचा दुसराही उघडा! आणि हा बाबा दांडा सोडून हत्यारं काढतोय! माझा दोर पुरेना. मी माझे दोन्ही हूक सोडले आणि झेपावून त्याला धरलं.

संध्याकाळी समितीपुढे. दोन्ही हूक का सोडले? म्हटलं, त्याचा उघडा होता म्हणून. "द्रोझिन, तुझा उघडा होता?"

हा आपल्या नखांकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही! एक शब्द टाकला असता! 'होता' एवढाच. माझ्या कागदावर शेरा पडला: घाबरून नियम मोडला, उड्डाणास अयोग्य. तो त्यानंतर दोनदा वर जाऊन आला, छातीवर पदक लावून. आणि मी नऊ वर्षं टाकीच्या काठावर.

बस्स. झालं लिहून.

९ फेब्रुवारी

पहिला सराव. दोघांना मागच्या दारातून सूटमध्ये कोंबलं, क्रेनने खाली सोडलं. द्रोझिनचं पोट सुटलंय. सूटचं दार लावताना पाणबुड्यांचा मुकादम झाखार म्हणाला, "कमांडर, श्वास आत घ्या, नाहीतर दुसरा सूट शिवायला टाकावा लागेल." मी हसले नाही. आतून हसले.

मात्वेय पोरगेला, तिशीच्या आतला. उत्तरेकडचा, समुद्रकाठचा. एका ठिकाणी बोंबललाच, "नोन्ना इगोरेव्ना, माझा डावा हूक उघडाय! उघडाय!" म्हटलं, आधी ओरडू नकोस, हाताने ओढून बघ. ओढला. घट्ट बंद. गोल काचेतून पाण्यात बघितलं की बाजूने असंच दिसतं, दर वर्षी कुणी ना कुणी फसतं. "काचेवर काय विश्वास ठेवतोस बाळा," म्हटलं, "हात घाल." झाखारने दिवसभर त्याला 'उघडाय उघडाय' म्हणून चिडवलं.

बाहेर आला तेव्हा अडीच किलो उतरला होता. बोटं सुजलेली, एक नख काळं. तरी हसत होता, लेकाचा.

१४ फेब्रुवारी

द्रोझिन जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभा राहिला. हातात ताट, ताटात बीटचं सूप. म्हणे, "नोन्ना, अजून राग आहे का गं?"

अहाहा! जसं काही हा माझ्या वाढदिवसाला यायचा विसरला होता!

म्हटलं, "सूप सांडतंय तुमचं, ग्लेब सावेल्येविच." आणि दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिकडचे वाफवलेले कटलेट संपले होते. नुसता भात खाल्ला. चालेल.

२० फेब्रुवारी

आज त्याला पाच तास पाण्यात ठेवलं. पंप बंद पाडला, रेडिओ बंद पाडला, हातमोज्यातून गळती सांगितली. माझं कामच ते. सगळं सुरळीत चाललेलं असताना काहीतरी बिघडवायचं. पोरं मला मागे 'बिघाडबाई' म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणोत.

द्रोझिनने सगळं निभावलं. हू नाही की चू नाही. त्यानेच डोकं फिरलं.

२६ फेब्रुवारी

सुचलं! बसमध्ये सुचलं, आणि स्टॉप चुकला.

परीक्षेला पाच बंद पाकिटं असतात. प्रत्येकात एक वेगळा बिघाड, मी लिहिलेला. कमांडर एक उचलतो, न उघडता झाखारच्या हातात देतो. उरलेल्या चारांवर 'पाहिली नाहीत' म्हणून सही करतो, ती तिजोरीत जातात. उड्डाण झालं की जाळतात. ती कुणी उघडत नाही. कधीच नाही.

मग पाचही पाकिटांत एकच बिघाड असला तर?

जोडीदार बेशुद्ध. त्याचे दोन्ही हूक सुटलेले. तो हळूहळू लांब चाललाय आणि कमांडरचा दोर पुरत नाही. आता कर काय करतोस ते! नियमाप्रमाणे उत्तर आहे, चार मीटरवर सुटी दोरी ठेवलेली असते. ती आणेपर्यंत जोडीदार हातचा गेला. सगळ्यांदेखत माणूस घालवला. आणि स्वतःचे हूक सोडून धरलंस, तर नियम मोडला. मग घे, माझाच शेरा घे! घाबरून. अयोग्य. पंचेचाळिशीत पुन्हा संधी कोण देतंय?

कोणतंही उचल, बाबा. तुझी मर्जी.

२ मार्च

झाखारला काहीतरी वास लागलाय. शिशाचे तुकडे मोजता मोजता म्हणाला, "बाईसाहेब, एक लक्षात ठेवा. आपल्याकडे परीक्षेत एकटा कुणी पडत नाही. कमांडर पडला की जोडी पडते. राखीव जोडी वर जाते."

"मला नियम शिकवतोस?"

"छे! मी बापडा पाण्यातला. त्या पोराबद्दल बोलतोय."

माहीत आहे मला! आठवड्यापासून माहीत आहे. पोरगा तरुण आहे, त्याला पुन्हा मिळेल. माझ्याबद्दल कुणी असा विचार केला होता का?

८ मार्च, महिला दिन

टेबलावर मिमोझाची पिवळी फुलं आणि लाल आंबट लिंगनबेरीच्या मुरंब्याची बरणी. मात्वेयने ठेवलेली. चिठ्ठी: "आईने पाठवला. ती विचारते, बिघाडबाईंना गोड चालतं का?" गधडा! आईलाही सांगून ठेवलंय!

म्हणे आईने गावात कुणाकडून तरी रंगीत टीव्ही मिळवलाय. मुलगा यानाबाहेर येईल तेव्हा सगळ्या आळीला बसवणार आहे.

मुरंबा घरी आणला. उघडला नाही.

१२ मार्च

पाचही लिहिली. पाचही शब्दन्‌शब्द तीच. चिकटवली, शिक्का मारला. एकदा वाटलं, तीन वेगळी करावीत, सोडावं नशिबावर. मग 'सांगता येणार नाही' आठवलं.

१३ मार्च, मंगळवार

झालं. क्रमाने लिहिते.

दहा वाजता समिती बसली, मधे अध्यक्ष फोलोमिन. पाकिटं मांडली. द्रोझिनने बोट फिरवलं नि तिसरं उचललं. झाखारने ते आडोशाला जाऊन वाचलं. वाचून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मुकाट्याने मुखवटा चढवून पाण्यात गेला.

दोन तास सगळं सरळ. मग झाखारने मात्वेयच्या खांद्यावर थाप मारली, दोन्ही हूक सोडले. मात्वेयने ठरल्याप्रमाणे अंग टाकून दिलं. सरकायला लागला. हातभर. दोन हात. मी कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर उभी.

द्रोझिन थांबला. मी मोजत होते. सहा, सात, आठ. दोरीच्या पेटीकडे एकदा मान वळवली त्याने. मग 'सोडला' म्हणाला. पुन्हा 'सोडला' म्हणाला. आणि झेपावून पोराला धरलं.

अगदी मी झेपावले होते तसाच! अगदी तसाच!

दुपारी समिती. फोलोमिन: "दोन्ही हूक का सोडले?" द्रोझिन: "माणूस जात होता." फोलोमिन: "नियम?" द्रोझिन: "मोडला."

फोलोमिन माझ्याकडे वळला. "परीक्षकांना काही सांगायचंय?" हाच तो क्षण! नऊ वर्षं याच्यावर काढली. मी कागद सरळ केले. काही बोलले नाही. जसा तो बोलला नव्हता.

आणि तेवढ्यात मात्वेय उठला. कुणी विचारलं नव्हतं त्याला! कान लालबुंद. "मला बोलायचंय. वर जाताना मला नियम पाळणारा नको, हा माणूस हवा. मी यांच्याबरोबरच जाईन, नाहीतर जाणार नाही." फोलोमिन म्हणाला, "बसा, स्युझ्योव. तुम्ही जाणारच नाही आहात. तुमची जोडी बाद." पोरगा तरी उभाच. "मग लिहून घ्या, मी असं म्हणालो म्हणून," म्हणाला.

द्रोझिनच्या कागदावर शेरा: नियम मोडला. अयोग्य. माझ्याच अक्षरात.

जिंकले मी.

१४ मार्च

जेवण गेलं नाही. त्या पोराचा राग येतोय. कुणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला? माझ्या वेळी नाही कुणी उठलं ते! त्या खोलीत तेव्हा अकरा माणसं होती.

दुपारी द्रोझिन सूटच्या खोलीत आला. मी एकटीच हातमोजे वाळत घालत होते. म्हणाला, "उरलेली चारही तीच ना?"

"फोडून बघायची होतीस."

"नको. सही केलीय मी, पाहिली नाहीत म्हणून." दारात थांबला. "माझं सोड गं. पण त्या मात्वेयचं काय केलंस तू!"

"आणि माझं काय केलंस तू? एक शब्द नव्हता तुझ्याकडे!"

तो दाराला टेकला. मग म्हणाला, "नोन्ना, त्या दिवसाची रील कधी पाहिलीस?"

रील! टाकीच्या खिडकीतल्या कॅमेऱ्याची. समितीने त्याच संध्याकाळी शेरा मारला, रील चार दिवसांनी धुऊन आली. मग कोण बघतंय? "मला काय गरज?" म्हटलं. "माझे डोळे होते."

"बरं. मग नकोच पाहूस," म्हणाला आणि गेला.

नको पाहूस! ऐकलं का! घाबरला! म्हणजे आहे ती अजून. आणि तिच्यात सगळं आहे.

१५ मार्च

सापडली! तळघरात, ऑक्टोबर एक्याऐंशी, डबा चौदा. तळघरातल्या म्हाताऱ्या आजोबांना मिमोझाची सुकलेली जुडी दिली, तर खूश. "तुमच्याआधी द्रोझिनच एकदा बघून गेलाय, खूप वर्षं झाली," म्हणाले. जाणारच! चोर तो, माग पुसायला आला असणार.

मी एकटी नाही बघणार. उद्या सकाळी फोलोमिनच्या पुढ्यात लावणार. फोलोमिनच्याच तोंडून म्हणवून घेणार, 'उघडा होता' म्हणून. द्रोझिनचं उड्डाण गेलं, आता पदकही जाऊ दे. आज झोप कसली येतेय!

१६ मार्च, शुक्रवार

रील लावली. फोलोमिनने पाहिली, पुन्हा लावायला सांगितली, मग विचारलं, "यात मी काय बघायचंय?"

हूक बंद होता. समोरून, स्वच्छ. दांड्यात पक्का बसलेला. द्रोझिन निवांत हत्यारं काढतोय आणि मी दोन्ही हूक सोडून वेड्यासारखी त्याच्यावर झेप घेतेय. तेव्हा तो 'बंद होता' म्हणाला असता, तर मला कुणी टाकीच्या काठावरही उभं केलं नसतं.

तिसऱ्यांदा नको म्हटलं. खाली गेले, तिजोरीतून चारही पाकिटं आणली आणि फोलोमिनपुढे ठेवली.

"फोडा," म्हटलं.