शांततेत सुटलेली दाद

रवि., ३ नोव्हें.
गाढव आहे मी. सत्तावन्न वर्षांचा, शिकलेला गाढव.
आज सईचं पियानोचं रिसायटल. चर्चचा हॉल, साठेक माणसं. सी मायनरमधला जुना सोनाटा, तीन महिने घरात तोच चाललाय. सुरुवात दार आपटल्यासारखी. मग एक हसरी सुरावट. मग सगळी उलथापालथ, आणि शेवटाकडे एकदम सामसूम. त्यानंतर तीच सुरावट परत येते, पण रडवेली होऊन. ती सामसूम पोरीने आज अशी धरली, अशी धरली, की माझ्या तोंडून गेलंच, "वा! क्या बात!" मांडीवर थापसुद्धा.
साठ माना वळल्या. सईचे हात हवेतच. पुढचं आठवेना तिला. उठून निघून गेली.

सोम., ४
काल गाडीत सई हेडफोन लावून बसली. आज एवढंच, "यू डोंट गेट इट, बाबा."
मेधा म्हणाली, "अहो, ही काय पुण्यातली बैठक होती का?" नव्हती! पण माझ्या वडिलांनी, अप्पांनी, लहानपणापासून तेच शिकवलं, चांगलं ऐकून गप्प बसणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. आता या वयात जीभ कापून ठेवू?

बुध., ६
म्युझिक कॉलेजला व्हिडिओ पाठवायची शेवटची तारीख १५. सई म्हणते, "आयॅम नॉट सेंडिंग इट."
तिच्या टीचरना, मिसेस कोलना, फोन केला. काल क्लासमध्ये तीनदा त्याच जागी अडली म्हणे. "हात ठीक आहेत. तिथे आली की ती कुणाच्यातरी आवाजाची वाट बघते."
कुणाच्यातरी! माझ्याच. बारा वर्षं शिकतेय पोर आणि बापाने एका शब्दात वाट लावली.

शनि., ९
माफी मागितली. "इट्स फाइन." म्हणजे अजिबात नाही.
म्हटलं, तू वाजव, मी गॅरेजमध्ये जातो, दुकानात जाऊन बसतो, हे पार्सिपनी गावच सोडून जातो म्हणशील तर.
"डझंट मॅटर व्हेअर यू गो, बाबा."
बेसमेंटमध्ये जाऊन रडलो. वॉशिंग मशीन लावून, ऐकू जाऊ नये म्हणून.

मंगळ., १२
पियानोवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. मेधाही उचलत नाही, मीही नाही.
लंच अवरला हेडफोन लावून तोच सोनाटा, तोंड दाबून. ती सामसूम चार मोजेपर्यंतची. तिसऱ्याला जीभ वळवळतेच. आज मात्र भीती वाटली तिथे. आता पुढे काय, हे माहीत नसलेला माणूस असा गप्प होतो. आणि मी तिथे वा म्हणालो.

शुक्र., १५
आज दुपारी कपडे खाली ठेवलेले. "बाबा, सिट हिअर. व्हेअर आय कॅन सी यू." फोन स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग सुरू.
दणका. हसरी सुरावट. उलथापालथ. ती जागा आली. हात वर, नजर माझ्यावर. चार झाले, सहा झाले. मी तोंडावर दोन्ही हात घट्ट.
"से इट," म्हणाली. "जस्ट से इट, सो इट्स ओव्हर."
घशातून आवाजच फुटेना. खरंच फुटेना.
तिने डोळे पुसले, रेकॉर्डिंग पुसलं. "अगेन."
हा पाचवा टेक. मान खाली घालून हे लिहितोय, तिच्याकडे बघवत नाही. सुरावट झाली, उलथापालथ झाली. आता ती जागा येईल. पेन कुरकुरतंय, वही मिटतो.